खांद्यावरचा भाऊ : मांगी-तुंगीच्या कथा



मंडळाचं निमंत्रण आलं तेव्हा कार्यवाहांनी गृहीतच धरलं होतं की डॉक्टर पावसाळ्यातल्या आजारांवर बोलतील. मागे दोनदा मी ते केलंही आहे. या वेळी मी डोंगर मागून घेतला. पोथ्यांचा मी पंडित नाही. दवाखान्यात बसून साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा माणूस आहे. पण आमच्या सैतवाळ घरात चातुर्मासात पुराणवाचन व्हायचं आणि ते ऐकतच मी वाढलो. शेजारी भागवत सप्ताह बसायचा, तिथेही माझं बसणं असे, कारण तिथला प्रसाद आमच्यापेक्षा चांगला असायचा. अशी दोन्हीकडची शिदोरी घेऊन आज आपल्यासमोर उभा आहे.

डोंगर म्हटलं की आपल्या बऱ्हाणपुरात पहिल्यांदा असीरगडच आठवतो. लहानपणी आपल्या सगळ्यांना एकच भीती घातलेली आहे : पहाटे गडावर जाऊ नको, अश्वत्थामा भेटेल. तो उजाडायच्या आत गुप्तेश्वर महादेवाला फूल वाहून जातो, कपाळावरची जखम भळभळत असते, आणि वाटेत भेटेल त्याच्याकडे तो जखमेवर लावायला तेल मागतो. या शहरातल्या प्रत्येक घरात असा एक तरी काका असतो, ज्याच्या ओळखीच्या माणसाला तो भेटलेला असतो. महाभारतात कृष्णाचा शाप तीन हजार वर्षांचा आहे. आपण बऱ्हाणपूरकरांनी तो वाढवून कायमचा केला. इतक्या वर्षांत माझ्या दवाखान्यात तो काही आला नाही, आणि आला असता तरी इतक्या जुन्या जखमेवर काय द्यायचं हे मला सुचलं नसतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाभारताचं युद्ध संपल्यावर मरण नाकारलं गेलेला एक माणूस आपण आपल्या उशाच्या डोंगरावर ठेवला आहे.

आता तिथून तापी उतरून नैर्ऋत्येला या. भुसावळ, जळगाव, धुळे मागे टाकून पिंपळनेरच्या अंगाने बागलाणात शिरलात, की ताहराबादजवळ दोन सुळके दिसू लागतात. एकाच डोंगराच्या धारेवर उभी राहिलेली ही दोन बोटं म्हणजे मांगी आणि तुंगी. नाशिक जिल्हा, बागलाण म्हणजेच सटाणा तालुका. दोन्ही शिखरं समुद्रसपाटीपासून चार हजार तीनशे फुटांहून उंच आहेत आणि तुंगी मांगीपेक्षा जराशी वर आहे. आसपास साल्हेर, मुल्हेर अशी मोठी नावं असल्यामुळे इतिहासवाल्यांचं इकडे फारसं लक्ष जात नाही. १६७२ ची लढाई साल्हेरला झाली, परशुरामाची गोष्टही साल्हेरच्या वाट्याला गेली. मांगी-तुंगीला राज्यं नाहीत, तोफा नाहीत. काही हजार पायऱ्या आहेत, सुळक्यांच्या पोटात कोरलेल्या गुहा आहेत, गुहांत तीर्थंकरांच्या आणि मुनींच्या मूर्ती आहेत. आम्हा दिगंबर जैनांचं हे सिद्धक्षेत्र. कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथे अखंड पाषाणात कोरलेल्या १०८ फुटी भगवान ऋषभदेवांच्या मूर्तीची प्रतिष्ठा झाली. मूर्तीची प्रेरणा गणिनी ज्ञानमती माताजींची. जगातली सर्वांत उंच जैन मूर्ती म्हणून तिची नोंद झाली, आणि तेव्हापासून जाणारा प्रत्येक जण आधी ती मूर्ती बघतो. बघावीच. पण मी बोलणार आहे ते वरच्या गुहांबद्दल.

कथा कृष्णाच्या अखेरची. तुमच्या घरातली आधी सांगतो. महाभारताच्या मौसलपर्वात युद्धाला छत्तीस वर्षं झाल्यावर यादव प्रभासक्षेत्री दारूच्या नशेत एकमेकांना मारतात. बलराम झाडाखाली योग लावून बसतो, त्याच्या मुखातून पांढरा शुभ्र नाग निघून समुद्रात जातो. म्हणजे शेषाचा अवतार संपला. नंतर कृष्ण जमिनीवर पहुडलेला असताना जरा नावाच्या व्याधाला तो हरणासारखा दिसतो, आणि बाण पायात लागतो. वेरावळजवळचं भालका तीर्थ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. तिथे हीच जागा दाखवतात.

इथे थोरला भाऊ आधी जातो, धाकटा नंतर. थोरल्याला धाकट्याचं मरण बघावं लागत नाही.

आमच्या पुराणात क्रम उलटा आहे, आणि सगळी गोष्ट त्या उलट्या क्रमावरच उभी आहे. शके ७०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ ला, पुन्नाट संघाच्या जिनसेन आचार्यांनी हरिवंशपुराण पुरं केलं. (आदिपुराण लिहिणारे जिनसेन वेगळे. या दोघांची गल्लत मी स्वतः पुष्कळ वर्षं करत आलो.) त्यात नेमिनाथ भगवान, जे आमचे बाविसावे तीर्थंकर आणि नात्याने कृष्णाचे चुलतभाऊ, आधीच सांगून ठेवतात की बारा वर्षांनी द्वारका जळेल, दारू आणि द्वैपायन मुनींचा क्रोध ही त्याची कारणं असतील, आणि कृष्णाचा मृत्यू जरत्कुमाराच्या हातून होईल. हा जरत्कुमार कोणी परका व्याध नव्हता. तो वसुदेवाचाच मुलगा, जरा नावाच्या राणीपासून झालेला, म्हणजे कृष्णाचा सावत्र भाऊ. नाव दोन्ही परंपरांनी तेच राखलं आहे, फक्त तुमच्याकडे जरा हा मारणारा आहे आणि आमच्याकडे ती मारणाऱ्याची आई आहे. जरा म्हणजे म्हातारपण, हेही आपल्याला माहीत आहे.

भविष्य ऐकून जरत्कुमार काय करतो? राजवाडा सोडून जंगलात निघून जातो. आपल्या हातून भाऊ मरू नये म्हणून. द्वारकेतली दारू गावाबाहेर नेऊन ओततात. सगळे आपापल्या परीने शहाणपणा करतात. तरीही द्वारका जळते. कृष्ण आणि बलभद्र दोघेच वाचतात आणि दक्षिणेची वाट धरतात. कौशांबीच्या वनात कृष्णाला तहान लागते. बलभद्र पाणी आणायला जातो. कृष्ण पिवळं वस्त्र पांघरून झाडाखाली पडतो. आणि नेमक्या त्याच जंगलात बारा वर्षं भाऊ चुकवत फिरणाऱ्या जरत्कुमाराला झाडामागे हरणाचं काहीतरी हलल्यासारखं वाटतं.

कृष्ण त्याच्यावर रागावत नाही. ओळख पटल्यावर कौस्तुभमणी त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, बलभद्र यायच्या आत निघून जा, पांडवांकडे जा. मग बलभद्र पाणी घेऊन येतो. भाऊ झोपला आहे असं त्याला वाटतं. तो उठवतो. उठत नाही. रुसला असेल, असं म्हणतो. पाणी पाजतो, ते ओठांतून बाहेर येतं. मग त्याला खांद्यावर घेऊन चालू लागतो.

सहा महिने.

पुराणं सहा महिने म्हणतात म्हणजे आपण दोन म्हणू. तरीसुद्धा विचार करा. रोज आंघोळ घालायची, जेवायला बोलवायचं, रात्री शेजारी झोपायचं, सकाळी पुन्हा खांद्यावर. शेवटी सिद्धार्थ नावाचा एक देव येतो. तो पूर्वी बलभद्राचा सारथी होता, आणि दीक्षा घेताना त्याने शब्द दिलेला असतो की वेळ आली तर तुला जागं करीन. तो उपदेश करत नाही, ही त्याची हुशारी. तो बलभद्राच्या वाटेवर वेडे चाळे करत बसतो. दगडावर कमळ लावतो. मेलेल्या गाईपुढे गवत धरतो. डोंगर ओलांडून आलेला रथ सपाट जमिनीवर मोडला म्हणून जोडत बसतो. बलभद्र म्हणतो, अरे वेड्या, मेलेली गाय गवत खाईल का? देव म्हणतो, तुझा भाऊ पाणी पिईल तेव्हा खाईल. इथे बलभद्राचे डोळे उघडतात. मग तुंगीच्या शिखरावर कृष्णाचा दाहसंस्कार होतो. वाटेवर कृष्णकुंड दाखवतात. बलभद्र तिथेच दीक्षा घेतो आणि तप करतो.

आता दुसरी गोष्ट, कारण या डोंगरावर तीच गोष्ट दोनदा घडते. आमच्या रामायणात, म्हणजे सातव्या शतकातल्या रविषेणांच्या पद्मपुराणात, रावणाला मारणारा राम नसून लक्ष्मण आहे. राम बलभद्र आहे आणि बलभद्र हिंसा करत नाही. या दोन भावांचं प्रेम पारखायला देव येतात आणि राम मेल्याचं सोंग उभं करतात. ते ऐकून लक्ष्मण जागच्या जागी प्राण सोडतो. आणि रामही त्याला खांद्यावर घेऊन सहा महिने फिरतो. तिथेही देव येतात. त्यातला एक जटायूचा जीव आहे, दुसरा रामाचा जुना सेनापती कृतांतवक्त्र. वाळलेल्या झाडाला पाणी घालणं, वाळूतून तेल काढणं हे उद्योग चालतात, आणि राम जागा होतो. हा राम पुढे मुनी होतो आणि मोक्षाला जातो, तोही तुंगीवरूनच. प्राकृत निर्वाणकांडात राम, हनुमान, सुग्रीव, गव, गवाक्ष, नील, महानील आणि नव्व्याण्णव कोटी मुनी तुंगीगिरीवरून मुक्त झाल्याचं सांगितलं आहे. हनुमान आमच्याकडे वानर नाही, वानरध्वजाचा विद्याधर राजा आहे, हे जाता जाता.

एक हिशोब मला फार आवडतो. आमच्या परंपरेत बलभद्र नऊ. त्यांतले सात नाशिकजवळच्या गजपंथ डोंगरावरून, म्हसरूळहून, मोक्षाला गेले असं तेच निर्वाणकांड सांगतं. आठवा राम, तुंगीवरून. नववा कृष्णाचा भाऊ, त्याचं तपही तुंगीवर. म्हणजे नऊच्या नऊ थोरले भाऊ एका नाशिक जिल्ह्यात. पण या नवव्याला मोक्ष मिळाला नाही. तो स्वर्गात गेला, पाचव्या ब्रह्मस्वर्गात. आठ सुटले, एक अडकला. का अडकला, ते शेवटी सांगतो.

थोडं आजूबाजूला बघू. मांगी-तुंगीच्या दक्षिणेला कळवण तालुक्यात सप्तशृंगीचा गड. इथे बसलेल्या अर्ध्याअधिक घरांची ती कुलस्वामिनी असेल. खानदेशातून माणसं चैत्रात उन्हातान्हाची चालत तिच्याकडे जातात. साडेतीन पीठांतलं ते अर्धं. आणि पीठं झाली कशी? सतीने यज्ञात देह टाकला, शंकर तिचं प्रेत खांद्यावर घेऊन त्रैलोक्यात भ्रमिष्टासारखा फिरत राहिला, आणि विष्णूने चक्राने त्या देहाचे तुकडे केले तेव्हा तो थांबला. जिथे तुकडा पडला तिथे पीठ. म्हणजे एका बाजूला राम, एका बाजूला बलभद्र, आणि जवळच महादेव. तिघांच्याही खांद्यावर प्रेत आहे, तिघांनाही दुसऱ्या कोणीतरी थांबवावं लागलं आहे. फरक इतकाच की आमच्या देवाने वेडेपणाचा आरसा दाखवला आणि तुमच्या देवाने शस्त्र चालवलं. दवाखान्यात मला दोन्ही लागतात.

आणि हे पुराणांतच घडतं असं नाही. १७ जून १६३१ ला मुमताज महल याच गावात चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला तापीपलीकडे जैनाबादेत आहूखान्याच्या बागेत पुरलं. डिसेंबरात ते शव काढून आग्र्याला नेलं. जून ते डिसेंबर. मोजून बघा. हा इतिहास आहे, योगायोग आहे, मी त्यावर काही इमारत उभी करत नाही. पण आहूखान्याच्या पडक्या भिंतींकडे बघताना मला दर वेळी तुंगी आठवते.

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षांत एका रात्री एक बाई तान्हं मूल घेऊन आली. म्हणाली, ताप उतरला बघा डॉक्टरसाहेब, अंग कसं गार झालंय. मूल तासाभरापूर्वीच गेलं होतं. तिला ते कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. ती मला विचारायला आली होती की अजून थोडा वेळ असं म्हणता येईल का. मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. मी घाईने सांगून टाकलं. नंतर पुष्कळ वर्षं मी बलभद्राची गोष्ट अशा घरांत सांगत आलो. सोपी गोष्ट आहे, जैन-अजैन सगळ्यांना कळते, आणि सांगणाऱ्याला आपण फार समजूतदार असल्यासारखं वाटतं.

२०१४ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला. माझ्याहून चार वर्षांनी लहान. पावरलूमचा धंदा होता, धंद्यामुळे वेळीअवेळी जेवण, त्यामुळे पित्त. त्याचं पित्त मी वीस वर्षं बघत होतो. त्या संध्याकाळी तो दवाखान्यात आला आणि म्हणाला, दादा, आज जळजळ जरा जास्त आहे, खांदाही जड वाटतोय. रांगेत पंधरा पेशंट होते. मी नेहमीच्या पुड्या दिल्या आणि म्हटलं, रात्री फक्त खिचडी खा. दहा मिनिटांवर ईसीजी निघत होता. हेच दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याला खुर्चीवर बसूही दिलं नसतं, तसाच धाडला असता. पहाटे वहिनीचा फोन आला.

दोष औषधाचा नव्हता. मी पित्त बघत होतो, भाऊ बघितला नाही. तेव्हापासून चाळिशीपुढचा माणूस छातीत जळजळ म्हणाला की माझ्याकडे गोळी नंतर मिळते, आधी ईसीजीची चिठ्ठी. तुम्हीही घरात हा नियम करा, पॅथी कुठलीही असो.

लोक भेटायला आले. मी व्यवस्थित वागलो. समाजात डॉक्टर म्हणून उभं राहायची सवय असते. पण त्याचा केस-पेपर मी रॅकमधून काढला नाही. पंधरा दिवसांनी त्यावर मी माझ्याच अक्षरात पुढची तारीख घातलेली मला दिसली. त्याच्या मोबाईलचं रिचार्ज मी दर महिन्याला करत होतो. सुरतेच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, तो बाहेरगावी गेलाय. हे माझ्या बायकोने ऐकलं. ती काही बोलली नाही.

लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मी बलभद्राच्या जागी असायचो. साहजिकच आहे, मी थोरला. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की गोष्टीत आणखी एक भाऊ आहे. जो भाऊ मरू नये म्हणूनच जंगलात गेला होता आणि ज्याचा बाण लागला. त्या जरत्कुमाराचं पुढे काय होतं याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. घरी येऊन हरिवंशपुराण काढलं. तो मणी घेऊन पांडवांकडे जातो आणि झालेलं सांगतो. म्हणजे ज्याच्या हातून झालं, त्यालाच जाऊन निरोप सांगायचा आहे. आणि पुढे हरिवंश उरतो तो त्याच्याच वंशातून. पुराणकाराने त्याला शिक्षा दिलेली नाही. निरोप्याचं काम दिलं आहे. बलभद्राच्या रडण्याला पानंच्या पानं आहेत, याच्या रडण्याला दोन-चार श्लोक. मला त्या दोन-चार श्लोकांपाशीच थांबावंसं वाटलं.

डिसेंबरात आई म्हणाली, मला मांगी-तुंगीला ने. तिचं वय ऐंशीच्या पुढे. मी म्हटलं, पायऱ्या आहेत. ती म्हणाली, डोली आहे. तिने माझ्या आधी चौकशी केलेली होती.

तिला डोलीत बसवलं, चार भिल्ल गडी होते, मी मागून चालत होतो. मधल्या टप्प्यावर ते टेकले तेव्हा मी त्यांच्यातल्या वयस्काला विचारलं, आमची आई जड आहे का? तो हसला. म्हणाला, म्हातारी माणसं हलकी. पाड्यावरून आजारी माणूस रस्त्यापर्यंत आणतात तेव्हाचं सांगू लागला. जिवंत माणूस झोळीत असलं तरी आपलं आपण तोल धरतं, उताराला मागे सरकतं, चढाला पुढे. मेलेलं तसं करत नाही, म्हणून ते जड. हे त्याने तत्त्वज्ञान म्हणून सांगितलं नाही, मजुरीचा हिशोब म्हणून सांगितलं. त्यांच्यासाठी हा डोंगरच देव. मार्गशीर्षात बागलाणातले भिल्ल आणि कोकणा डोंगऱ्या देवाचा उत्सव मांडतात, रात्र रात्र नाचतात, पौर्णिमेला गडाच्या पायथ्याशी जातात. राम की कृष्ण की ऋषभदेव, हा प्रश्न त्यांनी आपल्याला विचारलेला नाही. आपण ज्या डोंगरावर भांडायला येऊ शकतो, त्याच्यावर ते आपल्याला वाहून नेतात.

हे मुद्दाम बोललो. गिरनारच्या पाचव्या टोकावरच्या पादुका दत्ताच्या की नेमिनाथांच्या, यावरून काय चाललं आहे ते आपण जाणता. माझे कितीतरी मराठी मित्र दत्तभक्त आहेत, दहा हजार पायऱ्या चढून जातात. मी नेमिनाथांसाठी जातो. आम्ही एकाच बसने गेलो आहोत, एकाच टपरीवर चहा प्यायलो आहोत. कोर्टात काय व्हायचं ते होवो, पण बसमधलं वातावरण बिघडू लागलं आहे, त्याची मला जास्त काळजी वाटते.

मांगीवर बलभद्रांची मूर्ती आहे. ती पाठमोरी आहे. मुनींचं तोंड खडकाकडे आणि पाठ आपल्याकडे. दर्शन पाठीचंच. याचीही गोष्ट आहे. बलभद्र मुनी झाल्यावर आहाराला गावात गेले. विहिरीवर पाणी भरणारी एक बाई त्यांच्या रूपाकडे बघत राहिली, आणि घागरीच्या गळ्यात बांधायचा दोर तिने कडेवरच्या मुलाच्या गळ्यात बांधला. ते बघून मुनींनी ठरवलं, आता गावात जायचं नाही, कोणाला तोंड दाखवायचं नाही. जंगलात मिळेल तो आहार, नाहीतर उपास. पुढे हरणं त्यांच्याभोवती बसत असत म्हणतात.

सांगणारे या गोष्टीत रूपाला दोष देतात. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाने सहा महिने एक प्रेत जिवंत समजून वागवलं, त्याला एकदम दिसलं की आपल्याकडे बघण्याच्या नादात दुसरं कोणी जिवंत पोर गमावेल. मग तो पाठ फिरवतो. आई त्या मूर्तीपुढे बराच वेळ बसली होती. तिने मला काही सांगितलं नाही, मीही तिला विचारलं नाही. त्या संध्याकाळच्या पुड्यांबद्दल तिला माहीत होतं की नव्हतं, हे मला ती असेपर्यंत कळलं नाही. मी सांगितलं ते वहिनीला, बऱ्हाणपूरला परतल्यावर दुसऱ्या दिवशी. जरत्कुमार गेला तसा, मणी मात्र नव्हता. ती म्हणाली, मला माहीत होतं, त्याने रात्री सांगितलं होतं की दादा घाईत होता.

आता तो हिशोब, जो मी बाकी ठेवला होता. आठ बलभद्र सुटले, नववा स्वर्गात अडकला. हरिवंशपुराण सांगतं की स्वर्गात गेल्यावर बलभद्राने अवधिज्ञानाने पाहिलं, भाऊ कुठे आहे. कृष्ण तिसऱ्या नरकात होता. हे वाक्य ऐकून माझ्या वैष्णव मित्रांचे चेहरे पडतात, ते साहजिक आहे. आमच्या शास्त्राचा हिशोब कडक आहे, युद्धं केली त्याची फळं आहेत, कृष्ण असला तरी. पण त्याच शास्त्रात तोच कृष्ण पुढच्या काळातला तीर्थंकर आहे, हेही लगेच सांगितलं पाहिजे. तर बलभद्र स्वर्ग सोडून तिथे गेला. आणि गेल्यावर त्याने काय केलं? भावाला पुन्हा उचलायला लागला. दीक्षा झाली, तप झालं, दगडाला तोंड करून बसणं झालं, देवगती मिळाली, आणि तरी हात पुढे झाले. तो देह त्याच्या हातात लोण्यासारखा वितळू लागला. तेव्हा कृष्ण म्हणाला, ठेव मला. तुझ्याने होणार नाही. तू वर जा, आणि शंख-चक्र धारण केलेल्या आपल्या दोघांच्या मूर्ती लोकांना दाखव, त्यांनी आपल्याला विसरू नये. बलभद्राने तसं केलं. गावोगावी कृष्णाची देवळं झाली ती अशी, असं आमचे आचार्य सांगतात.

तुमच्या देवळांचं हे कारण तुम्हाला पटेल असा माझा आग्रह नाही. बाराशे वर्षांपूर्वीच्या एका नग्न मुनीने, ज्याने स्वतः घरदार, भाऊबंद सगळं सोडलेलं होतं, हे लिहिलं, एवढंच मी आपल्यापुढे ठेवतो.

तो केस-पेपर मी काढला नाही. मांगी-तुंगीहून आल्यावर त्यावर शेवटची तारीख मात्र घातली, आणि निदानाच्या रकान्यात पित्त खोडून जे होतं ते लिहिलं. नव्याने शिकायला येणारी मुलं माझ्याकडे बसतात, त्यांना पहिल्या दिवशी तो दाखवतो.

जाणार असाल तर कार्तिक ते माघ बरा. उन्हाळ्यात जाऊ नका, कातळ तापतो. गुडघे दुखत असतील तर डोली करा, भावात घासाघीस करू नका. मांगीवर पाठमोऱ्या मूर्तीशी पोचाल तेव्हा पुजारी घाईत असेल, तरी थोडं थांबा. आणि शक्य असेल तर भावाला बरोबर न्या.